ज्येष्ठांच्या ताटात काय पडते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे पथक घरी येते तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांची उंची आणि वजन मोजते. १५ ते ४९ वयाच्या बायकांना काट्यावर उभे करते, निवडक घरांत १५ ते ५४ वयाच्या पुरुषांनाही. त्याच घरात खाटेवर बसलेल्या सत्तरीच्या आजीचे वजन मात्र घेतले जात नाही. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिचा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासण्याची सोय झाली, वजनाची झाली नाही. कुपोषण म्हटले की मेळघाटातले बाळ डोळ्यांसमोर येते आणि ते योग्यच आहे. पण २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात ती सुमारे एक कोटी दहा लाख होती, म्हणजे दर दहांत एक. त्यांच्या भुकेबद्दल आज काय ठाऊक आहे, मदत कोणती मिळते, तिच्याबद्दल मतभेद कोणते आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, हे या लेखात पाहू.

मोजमाप

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आधाराने १९७२ पासून एक पोषण संनियंत्रण विभाग काम करत होता. महाराष्ट्रासह निवडक राज्यांत घरोघरी जाऊन काय शिजले, कोणी किती खाल्ले याची तो नोंद ठेवत असे. त्यात म्हातारी माणसेही येत. २०१५ मध्ये हा विभाग बंद झाला आणि वृद्धांच्या आहाराची सलग माहिती मिळण्याचा एक जुना मार्ग त्याबरोबर गेला.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा. तिने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. साठीपुढच्या सुमारे २७ टक्के लोकांचे वजन उंचीच्या मानाने कमी भरले, तर सुमारे २२ टक्के लोकांचे जास्त. खेड्यात कमी वजनाचे प्रमाण शहरापेक्षा बरेच अधिक होते. घरात पुरेसे अन्न नसल्यामुळे वर्षभरात कधी तरी जेवण कमी केल्याचे शंभरातल्या सुमारे सहा ज्येष्ठांनी सांगितले.

२७ आणि ६ या दोन आकड्यांमधली दरी अभ्यासकांना विचारात पाडते. घरात अन्न आहे असे म्हणणाऱ्या माणसाचे वजन कमी का? एक उत्तर असे की प्रश्न घरातल्या अन्नाबद्दल असतो, घरातल्या घरात कोणाच्या वाट्याला किती आले याबद्दल नसतो. शिवाय मुलगा-सून समोर बसलेली असताना ‘मी उपाशी राहिले’ असे कोण सांगेल? दुसरे उत्तर वैद्यकीय आहे. वय वाढले की भूक मंदावते, पचन बदलते, स्नायू झडतात आणि अन्न असूनही अंगी लागत नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. कोणत्या घरात कोणते लागू पडते, हे मात्र देशपातळीवरच्या पाहणीतून कळणे अवघड आहे.

मापाबद्दलही एकमत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा १८.५ हा आकडा तरण्या माणसांसाठी कमी वजनाची सीमा मानला जातो. पाठीला बाक आलेल्या माणसाची खरी उंची मोजायची कशी, हा पहिला प्रश्न. ज्येष्ठांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पोषण प्रश्नावलीत धोक्याची पातळी याहून वर धरतात. पोटरीचा घेर ३१ सेंटीमीटरच्या खाली गेला का आणि गेल्या तीन महिन्यांत वजन तीन किलोंहून अधिक उतरले का, हेही त्यात विचारतात. आशियाई लोकांसाठी पोटरीचे माप वेगळे असावे असे अनेकांचे म्हणणे आहे. तो वाद मिटेपर्यंत थांबायचे कारण नाही. शिंप्याकडची मोजपट्टी आणि साधा काटा एवढ्यावर गावातली आशाताई हे काम करू शकते, आणि ते तिच्या कामाच्या यादीत मानधनासह घालायला हवे असे मला वाटते.

धान्य आणि घास यांमधले अंतर

गरिबी हे पहिले कारण, आणि त्यावर मतभेद नाहीत. आयुष्यभर मोलमजुरी केलेल्या माणसाला ना भविष्य निर्वाह निधी, ना पेन्शन. हातपाय चालतात तोवर तो खातो. पण गरिबीच्या पोटात आणखी पुष्कळ गोष्टी आहेत आणि मदतीच्या योजना नेमक्या तिथे चुकतात.

बीड जिल्ह्यातले ऊसतोडीवर जाणारे गाव घ्या. दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. घरात रेशनचे धान्य असते. पण ते दळून आणायचे, सरपण गोळा करायचे, पाणी भरायचे, चुलीपुढे बसून भाकरी थापायच्या, हे सगळे गुडघे गेलेल्या बाईच्या अंगावर येते. मग सकाळी एकदाच भाकरी करायची आणि रात्री तीच चहात किंवा पाण्यात कुस्करून खायची, असे दिवस निघतात. नातवंडांना आधी वाढायचे ही रीत तर आहेच. कोकणातल्या गावांत चित्र थोडे निराळे आहे. मुंबईहून पैसे येतात, घर पक्के असते, पण करून वाढणारे कोणी नसते.

बाईचा आणि पुरुषाचा एकटेपणा ताटात वेगवेगळा उतरतो. विधवा बाईला स्वयंपाक येतो, पण एकटीसाठी कशाला चूल पेटवायची म्हणून ती टाळते. शिवाय सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खायची सवय जन्मभराची. बायको गेलेल्या पुरुषाला बहुधा कुकरही लावता येत नाही. पुण्या-मुंबईतल्या सुस्थितीतल्या सोसायट्यांतही बिस्किटे, पाव आणि चहा यांवर दिवस काढणारे निवृत्त लोक आहेत. त्यांची गणना कोणत्याही गरिबीच्या यादीत होत नाही.

दात हा फार कमी बोलला जाणारा विषय आहे. कवळी नसली की ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, उसळी, कच्ची काकडी हे सगळे बाद होते आणि वरण-भात, चहा-खारी उरते. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीचाही समावेश झाला, ही चांगली गोष्ट. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणून ६५ वर्षांपुढच्या पात्र लोकांना साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये देऊ केले. एवढ्या रकमेत चष्मा आणि काठी होते, पूर्ण कवळी बसवणे कठीण.

आणि पथ्य. साखर, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड अशा प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर एकेक पदार्थ बंद करतो. त्यांची बेरीज कोणी करत नाही. मीठ नाही, गूळ नाही, केळे नाही, भात कमी, डाळ कमी, असे करत ताट रिकामे होते आणि रुग्ण आज्ञाधारक असला की वजन झपाट्याने उतरते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. त्यात आहार शाकाहारी आणि उतारवयात जठरातले आम्ल कमी. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब-१२ च्या कमतरतेवर केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. ती वृद्धांपुरती नाही, सर्व वयांत पसरलेली आहे. वृद्धापकाळात मात्र तिचा परिणाम तोल जाणे, विसरणे, हातापायांना मुंग्या येणे असा दिसतो आणि ‘वयच झाले’ म्हणून सोडून दिला जातो.

सरकारी मदतीची वाट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला आणि निराधार वृद्धांना केंद्राकडून महिना ७५ रुपये मिळू लागले. पुढे ते २०० झाले. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशीपुढच्यांना ५०० रुपये ठरले. साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा तेव्हापासून २०० रुपयांवरच आहे. भर राज्ये घालतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना यांची रक्कम ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला तहसीलमधून आणण्याची अट वर्षानुवर्षे राहिली. महिन्याला १,७५० रुपयांत एक कुटुंब कसे जगेल? त्यामुळे खरे सांगणारा बाद होतो.

वयाच्या अटींचीही आपसांत गाठ पडत नाही. २०२४ ची लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. पासष्टी ओलांडली की ती थांबते. श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी पुन्हा नवा अर्ज, नवे दाखले आणि तहसीलच्या नव्या फेऱ्या.

धान्याच्या बाजूने पाहिले तर २००० मध्ये अन्नपूर्णा योजना आली. पेन्शनला पात्र असून ती न मिळणाऱ्या वृद्धांना महिना दहा किलो धान्य फुकट. त्याच वर्षी अंत्योदय योजना आली आणि कार्डामागे धान्य ठरले, जे पुढे ३५ किलो झाले. २००१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या योजनांना हक्काचे रूप दिले. भुकेच्या प्रश्नातला तो मोठा टप्पा होता. अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या मसुद्यात निराधारांना रोज एक वेळ मोफत जेवण आणि बेघरांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे होती. २०१३ च्या अंतिम कायद्यात ही कलमे उरली नाहीत. गरोदर माता, स्तनदा माता, मुले यांना शिजवलेल्या अन्नाचा किंवा पोषण आहाराचा हक्क मिळाला. वृद्धांना मिळाला तो माणशी पाच किलो धान्याचा. तो कार्डावर असलेल्या इतरांसारखाच.

पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम गहू-तांदूळ. डाळ नाही, तेल नाही. प्रथिनांची शिफारस भारतात शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. ज्येष्ठांना स्नायू टिकवण्यासाठी एक ते १.२ ग्रॅम लागतात, असे अनेक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट सांगतात. पन्नास किलोच्या बाईसाठी हा फरक ४१ ग्रॅम आणि ५० ते ६० ग्रॅम एवढा पडतो. वाटीभर घट्ट वरणातून सातेक ग्रॅम मिळतात, अंड्यातून सहा. निव्वळ धान्याच्या जोरावर ही बेरीज पुरी होत नाही.

यंत्रावर बोट ठेवून धान्य घेण्याची पद्धत आल्यावर आणखी एक अडचण झाली. जन्मभर माती-शेण-भांड्यांत राबलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. ठसा जुळला नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. ज्याला दुकानापर्यंत जाता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीने धान्य उचलण्याची तरतूदही आहे. ती ठाऊक असलेले लोक फार थोडे.

शिजवलेल्या अन्नाचे प्रयोग महाराष्ट्राला नवे नाहीत. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे निघाली आणि काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. थाळीची किंमत शासनाने शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली. टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आणि नंतर काही काळ मोफत झाली. थाळी ज्येष्ठांसाठी म्हणून आखलेली नाही. केंद्रे बाजारपेठ, बसस्थानक, रुग्णालय अशा ठिकाणी, वेळ दुपारची, रांग उभी. ज्याला चालवत नाही त्याचा तिथे निभाव लागत नाही.

तमिळनाडूने १९८२ मध्ये शाळा आणि पोषण केंद्रांतून दुपारचे जेवण सुरू केले आणि पुढच्याच वर्षी वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही त्यात बसवले. मुलांसाठी पेटलेल्या चुलीवर गावातल्या म्हाताऱ्यांचेही चार घास शिजले. परदेशात ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात घरपोच डबे सुरू केले. अमेरिकेने १९७२ मध्ये साठीपुढच्यांसाठी सामूहिक भोजनाचा कार्यक्रम कायद्यात घातला आणि उत्पन्नाचा दाखला मागितला नाही.

समाजाची मदत

शेगाव, शिर्डी, अक्कलकोट येथे रोज हजारोंच्या पंगती उठतात. गुरुद्वारांत लंगर चालतो. या अन्नाचा मोठा गुण असा की ते प्रसाद म्हणून मिळते आणि खाणाऱ्याला हात पसरल्यासारखे वाटत नाही. स्वाभिमानी म्हातारा माणूस मदतीच्या रांगेत उभा राहणार नाही, पंगतीला मात्र बसेल. मर्यादा तितकीच स्पष्ट आहे. देवस्थान जिथे आहे तिथेच जेवण मिळते.

कष्टकऱ्यांच्या चळवळींनी वेगळी वाट काढली. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ केंद्रे काढली. मुंबईत प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना १९७५ पासून संघटित केले. ही वृद्धांची केंद्रे नव्हेत. पण स्वस्त, ताजे, घरचे म्हणावे असे जेवण बायकांच्या हाताला काम देऊन पुरवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. बचत गटांच्या पोळीभाजी केंद्रांचा धागा तिथपर्यंत जातो.

१९७८ पासून काम करणारी हेल्पएज इंडिया निराधार वृद्धांना महिन्याचा शिधा देते. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी उभी केलेली रोटी बँक समारंभांतले आणि हॉटेलांतले उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत नेते. ज्येष्ठ नागरिक संघांचे आणि त्यांच्या ‘फेस्कॉम’ या महासंघाचे जाळे राज्यभर आहे. संघांचा भर सहली, व्याख्याने, आरोग्य शिबिरे यांवर जास्त असतो आणि सभासद बहुधा मध्यमवर्गीय असतात. पण महिन्याला ठरलेल्या दिवशी इतके ज्येष्ठ एकत्र येण्याची दुसरी जागा नाही. एकट्या सभासदांना आळीपाळीने डबा, ही सोय संघ विनाविलंब करू शकतात.

मतभेद कुठे आहेत

पहिला वाद रोख की अन्न, हा आहे. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली पेन्शन परिषद सर्वांना, किमान वेतनाच्या निम्मे, असे पेन्शन मागते. २०१७ मध्ये साठ अर्थतज्ज्ञांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना पत्र लिहून २०० रुपयांचा वाटा वाढवण्याची मागणी केली. त्यांचे म्हणणे असे की पैसा हातात असला की म्हाताऱ्या माणसाला घरात किंमत राहते, तो औषधही घेतो आणि दूधही. धान्याचा पुरस्कार करणारे सांगतात की महागाई रोख रक्कम खाऊन टाकते, धान्याचे वजन तेवढेच राहते. शिवाय पैसा मुलगा काढून घेऊ शकतो. तिसरा पक्ष शिजवलेल्या जेवणाचा आहे, आणि स्वयंपाक करू न शकणाऱ्या माणसाला गहूही निरुपयोगी आणि पैसाही अपुरा, हा त्याचा मुद्दा आहे. १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. शासनाने स्वतः शहरातल्या एका थाळीची धरलेली किंमत तीच.

दुसरा वाद सर्वांना की गरिबांनाच. निवडीच्या बाजूचे पैशांच्या मर्यादेकडे बोट दाखवतात आणि ते खोटे नाही. सर्वांसाठीच्या बाजूचे विचारतात की दाखले गोळा करण्याची ताकद सर्वांत कमी कोणात असते? ज्याला मदत हवी त्याच्यातच.

तिसरा वाद कुटुंबाचा. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात अन्न हे निर्वाहाचा भाग मानले आहे आणि न्यायाधिकरण मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत रक्कम देववू शकते. कुटुंबाची जबाबदारी सरकारने उचलली तर मुले हात झटकतील, अशी भीती काही जण मांडतात. उलट बाजूचे सांगतात की ज्या मुलाचीच चूल धड पेटत नाही त्याच्यावर दावा करून काय मिळणार, आणि पोटच्या पोरावर खटला भरायला किती आया प्रांत कार्यालयात जातील? माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण कायद्याचा धाक काही घरांत उपयोगी पडतो हेही मान्य करायला हवे.

सामुदायिक स्वयंपाकघरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने, अन्नसुरक्षा कायदा व इतर योजना असताना अशी विशिष्ट योजना राबवा असा आदेश देण्यास नकार दिला आणि हा निर्णय धोरणाचा म्हणून सरकारांकडे सोपवला.

जे अजून सुटलेले नाही

रोख, धान्य आणि ताट यांची एकाच प्रकारच्या गावांत शेजारी शेजारी तुलना करून वृद्धांच्या वजनावर आणि ताकदीवर काय फरक पडला, हे महाराष्ट्रात तपासले गेले पाहिजे. तमिळनाडूसारखे अंगणवाडीच्या चुलीवर आणखी दहा माणसांचे शिजवले तर सेविकेवर किती भार पडेल आणि त्याचा मोबदला कोण देईल, याचे उत्तर त्याआधी हवे. तिच्या माथी फुकटचे काम मारून योजना उभी राहता कामा नये. घरपोच डबा शहरात परवडेल, पाड्यावर कसा पोहोचणार? जेवणातले प्रथिन वाढवायचे तर अंडे द्यायचे की नाही, हा शाळेच्या आहारात पेटलेला वाद इथेही येईल. रुग्णालयांतून दिल्या जाणाऱ्या पूरक पावडरी अशक्त रुग्णाला काही काळ आधार देतात, पण रोजच्या जेवणाची जागा त्या किती घेऊ शकतात याबद्दल आहारतज्ज्ञांत दुमत आहे.

या सगळ्याचा निकाल लागायला वेळ लागेल. ऊसतोडीच्या हंगामापुरते, तोडणीला जाणाऱ्या गावांत, ग्रामपंचायत आणि बचत गट यांच्यामार्फत मऊ, ताज्या, डाळ असलेल्या दुपारच्या जेवणाचा प्रयोग मात्र लगेच करण्यासारखा आहे. स्वयंपाक करणारे गावाबाहेर कधी जातात, किती महिने जातात, हे तिथे आधीच ठाऊक असते.

वाचकांना एक विनंती. आपल्या गल्लीत, वाडीत, इमारतीत एकटे राहणारे जे कोणी असतील त्यांच्या वतीने धान्य उचलण्यासाठी रेशन दुकानात दुसऱ्या व्यक्तीची नोंद झाली आहे का, श्रावणबाळचा अर्ज दिला आहे का, हे जाऊन विचारा. झाले नसेल तर दाखले घेऊन त्यांच्याबरोबर तहसीलमध्ये जा. अडचण आली तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे आणि तिला फोन करायला पैसे पडत नाहीत.